चार उभ्या, एक आडवी

"तिसरा कोन कुठाय? अरे, तिसरा कोन काय खाडीत पाडलास?"

देऱ्याच्या धक्क्याला लागलेल्या रिकाम्या पडावावर, म्हणजे माल उतरवायच्या सपाट होडीवर, उभे राहून कासम मास्तर ओरडत होते, आणि खाडीच्या बरोब्बर मधोमध, अबऱ्यात उभा राहून याकूब घाम पुसत होता. अबरा म्हणजे बर दुबईहून देऱ्याला नेणारी वल्ह्यांची होडी. त्या दिवशी तीत याकूब, मी, एक इराणी कोळसेवाला, बुरख्यातली एक म्हातारी आणि तिच्या दोन बकऱ्या एवढी जनता होती. दुपारचा एक वाजला होता. दोन्ही काठांवरची दुकानं फळ्या लावून बंद झाली होती, सगळं गाव झोपायला निघालं होतं, आणि हा माणूस पाव मैल पाण्यावरून भूमिती विचारत होता.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज..." याकूब म्हणाला आणि थांबला.

तो थांबला तसा मुरादही थांबला. मुराद आमचा अबरेवाला, मकरान किनाऱ्यावरचा बलुची, वय साठपासून नव्वदपर्यंत काहीही. मास्तरांचा आणि त्याचा करार होता. पोरगं अडलं की वल्ही वर, उत्तर आलं की वल्ही पाण्यात. ओहोटी लागलेली होती. अबरा हळूहळू समुद्राकडे सरकू लागला. कोळसेवाला फारसीत काहीतरी बोलला. मला ते कळलं नाही, पण बकऱ्यांना कळलं असावं, कारण त्या एकदम गप्प झाल्या. म्हातारी "यल्ला, यल्ला" करत याकूबच्या पाठीत बोटं खुपसायला लागली. शेवटी मुरादलाच दया आली. दोन वर्षं रोज हेच ऐकत आलेला तो माणूस दाढी खांद्याकडे वळवून स्वच्छ मराठीत पुटपुटला, "दोन काटकोन."

"मुराद, तू गप रे," पलीकडून आवाज आला. "तुझा फॉर्म भरलेला नाय."

पुटपुटलेलं पाव मैलावर ऐकू कसं गेलं, हे मला विचारू नका. मास्तरांचा आवाज अचाट होता हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कान त्याहून अचाट होते. आवाजाचं म्हणाल तर एकच सांगतो. त्या काळी मोठ्या आगबोटी खाडीत शिरत नसत, बाहेर मैलभरावर नांगर टाकून उभ्या राहत, आणि माल पडावात उतरवून आत आणावा लागे. एकदा मास्तरांनी धक्क्यावर जेवण आटोपून चहावाल्याला "खलास" म्हटलं, ते ऐकून बाहेरच्या कप्तानाने नांगर उचलला. निम्मी साखर अजून बोटीच्या पोटात होती. ती पुढे बसऱ्याला उतरली. आमच्या ऑफिसात त्या साखरेची फाइल होती, मीच टाइप केली होती.

कासम हुसेन सोलकर. मूळ गाव रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. आमच्या शिपिंग एजंटाकडे मी टायपिस्ट आणि ते टॅली क्लार्क. टॅली क्लार्कचं काम असं, की पडावातून हमालांच्या पाठीवरून गोणी उतरते तशी वहीत एक उभी रेघ ओढायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी, चौघींना कापून जाणारी. झाला एक गठ्ठा. दिवसाला हजार-बाराशे गोणी, पंचेचाळीस अंशांचं ऊन, आजूबाजूला सहा भाषांतल्या शिव्या, आणि मास्तरांची रेघ एकदाही चुकली नाही. त्यांच्या दोन्ही कानांवर दोन पेन्सिली असत, येणाऱ्या मालाला निळी आणि जाणाऱ्याला तांबडी. काखेत एक काळी छत्री. जिथे वर्षातून दोनदा थेंब पडायचे त्या गावात रोज छत्री नेणारा हा एकच माणूस होता आणि त्या छत्रीत दहा-बारा भोकं होती. ती छत्री कशासाठी होती ते पुढे सांगतो.

मास्तर हे शिक्षक नव्हते. त्यांना मास्तर म्हणत, एवढंच. खरं सांगायचं तर ते मॅट्रिक नापास होते, आणि नुसते नापास नव्हते, चार वेळा नापास होते. पण त्यांचं मोठेपण मला त्यातच दिसतं. सामान्य माणूस चार वेळा एकाच विषयात आपटतो. मास्तर दरवेळी नव्या ठिकाणी आपटले. पहिल्या खेपेला इंग्रजी. 'रेल्वेचा प्रवास' असा निबंध आला. कोकणात तेव्हा रेल्वे कुठली? मास्तरांनी आगगाडीला शिडं लावली आणि दाभोळच्या तोंडाशी वारा पडला म्हणून ती दोन दिवस उभी करून ठेवली. दुसऱ्या खेपेला बीजगणित. क्षची किंमत काढा, असं होतं. त्यांनी ती रुपये-आणे-पैमध्ये काढली, आणि वर लिहिलं की बाजारात याहून स्वस्त मिळेल. तिसऱ्यांदा इतिहासात एकाच लढाईत तीन तास लढत राहिले. बाकीच्या प्रश्नांकडे फौज वळवायच्या आत घंटा झाली. आणि चौथ्या वेळी सगळं आलं. प्रत्येक प्रश्न सोडवला. फक्त पेपरावर स्वतःचा नंबर टाकायला विसरले. बोर्डाच्या हाती एक अप्रतिम पेपर पडला, पण तो कुणाचा ते कळेना. मास्तर तिथून जे उठले ते आगबोटीत बसून दुबईला आले.

"सावंत, मला सगळे खड्डे म्हायत हायत," ते मला म्हणायचे. "पास झालेल्याला काय म्हायत? तो वरनं चालत गेला."

पोरांना त्यांचं पहिलंच सांगणं असं: जिथे मी नापास झालो तिथे कुणी व्हायचं नाही. व्हायचंच असेल तर नवी जागा शोधा. सापडली तर मला येऊन दाखवा.

आता ही पोरं कोण? दुबईत तेव्हा भारतीय पोरांची शाळा होती ती झावळ्यांच्या दोन खोल्यांची, आणि तीही आठवीपर्यंत. आठवी झाली की पोरगा बापाच्या दुकानात. ज्याला मुंबईच्या कॉलेजात जायचंय त्याने घरी अभ्यास करून, बाहेरून फॉर्म भरून, पाच-सहा दिवसांची आगबोट करून मुंबईला जायचं आणि मॅट्रिक देऊन यायचं. कॉलेजचं ते एकच दार होतं. आणि अभ्यास कधी करणार? सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत दुकान, चारपासून रात्रीपर्यंत पुन्हा दुकान. याकूब देऱ्याला कापडाच्या दुकानात गज मारायचा. दोघे भाऊ बापाच्या बेकरीत होते, एक सोनाराकडे भट्टी फुंकायचा, आणि एक औषधाच्या दुकानात बाटल्या धुवायचा. सगळे कोकणातले, रत्नागिरी-रायगडकडचे, आणि सगळ्यांचे बाप एकच म्हणायचे, शिक खुशाल, पण गिऱ्हाईक आलं की उठ.

मास्तरांनी गावाचं घड्याळ बघितलं. एक ते चार हे सगळं गाव झोपतं. शेख झोपतात, हमाल झोपतात, गाढवं झोपतात. दिवसाचे तीन तास कुणाच्याच मालकीचे नाहीत. ते मास्तरांनी ताब्यात घेतले.

सुरुवात अबऱ्यातच व्हायची. पोरं दुकानं बंद करून खाडी ओलांडत येत, ती येताना एक प्रमेय सांगत येत. एक खाडी, एक प्रमेय. देऱ्यात राहणाऱ्या याकूबलासुद्धा आधी अबऱ्याने पलीकडे जाऊन परत यावं लागे, केवळ प्रमेयासाठी. मग ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर भूमिती. तिथे ती छत्री. मास्तर छत्री मिटून तिचं टोक वाळूत रोवत, दांड्याला सुंभ बांधत, सुंभाच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगा, आणि तो पोरगा पळत सुटे. केवढं वर्तुळ! आत शंभर गाढवं उभी राहतील. त्या सुमाराला खाडी खोल करायचं काम चालू होतं. एक गोरा सर्व्हेयर चारनंतर दुर्बीण घेऊन आला, त्याला वाळूवर एक वर्तुळ, दोन स्पर्शिका आणि आत एक समभुज त्रिकोण दिसला. बिचारा अंधार पडेपर्यंत आपल्या नकाशात ते शोधत होता. शेवटी आपल्याच हाताखालच्या कुणीतरी आखलं असेल असं समजून त्याने मध्यावर लाल झेंडा रोवला आणि निघून गेला. मास्तरांनी पोरांना झेंडा दाखवला. म्हणाले, बघा रे, आपल्या केंद्रबिंदूला सरकारी मान्यता मिळाली.

माझा नातू आता दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिसला राहतो. त्याला कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी तीन शिकवण्या आणि हातात एक काचेची पाटी आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, यू मेक थिंग्ज अप." मी म्हटलं, झेंड्याचं थोडं वाढवलं असेल, वर्तुळाचं नाही.

इतिहास पडावावर. साडेतीनला हमाल उठत, माल पुन्हा सुरू होई, आणि दुकानं उघडेपर्यंतच्या अर्ध्या तासात पोरं मास्तरांच्या मागे ओळीने उभी राहत. गोणी उतरली की मास्तर रेघ ओढत आणि ज्याची पाळी त्याने एक सन सांगायचा. सन चुकला की मास्तर हमालाला गोणी घेऊन परत पडावात पाठवत. तुम्ही सांगा, पाठीवर दीड मण सिमेंट घेऊन परत चढणारा पठाण त्या पोराकडे कसल्या नजरेने बघत असेल? पंधरा दिवसांत पोरांना सगळे सन पाठ झाले. पठाणांनाही झाले.

आणि सगळ्याच्या आधी नंबर. पाटी असो, कागद असो, वाळू असो, पहिल्यांदा वरच्या कोपऱ्यात नंबर टाकायचा. बेकरीवाल्या भावांनी सवयीने पावांवर नंबर टाकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा बाप भांडायला आला होता. मास्तरांनी त्याला बसवून चहा पाजला आणि शांतपणे स्वतःच्या चौथ्या खेपेची गोष्ट सांगितली. तो उठताना म्हणाला, टाकू देत पावावर.

एका खेपेला पाचच पोरं, हा नियम. सहावा आला तर पुढच्या वर्षी. चारच आली तर पाचवा शोधून आणायचे. पाचवा नेहमी असाच असे, की ज्याची कुणाला आशा नाही. त्या वर्षीचा पाचवा याकूब होता. हुशार चौघं, आणि याकूब. त्याच्या बापाने सांगून ठेवलं होतं की या वेळी झालं नाही तर तेलवाल्यांच्या कॅम्पात खड्डे खणायला पाठवीन. मी एकदा मास्तरांना म्हटलं, कशाला त्या पोराच्या मागे एवढे लागता, चार तर नक्की आहेत. मास्तरांनी कानावरची निळी पेन्सिल काढून माझ्या टायपिंगच्या कागदावर चार रेघा ओढल्या.

"ह्याला काय म्हणतात?"

"चार," मी म्हटलं.

"ह्याला काय म्हणत नाय. हे उघडं पडलेलं हाय." त्यांनी आडवी रेघ ओढली. "आता गठ्ठा झाला. आडवीशिवाय गठ्ठा नाय."

मी तो कागद साहेबांच्या पत्राबरोबर चुकून मस्कतला पाठवला.

त्यांचा एक विचित्रपणा मात्र सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. टॅली क्लार्क स्वतःला मोजत नाही. गोणी मोजतो, हमाल मोजतो, पडावात किती माणसं आहेत ते कागदावर लिहितो, पण तो मोजणारा, तो मोजणीत कसा येईल? इतर क्लार्क शेवटी एक मिळवत. मास्तरांच्या हे डोक्यातच येत नसे. एकदा कस्टमच्या शिपायाने पडाव अडवला. कागदावर माणसं आठ, पडावात नऊ. शिपायाला वाटलं, कुणीतरी चोरून आणलंय. मास्तर म्हणाले, आठच आहेत. पुन्हा मोजलं. आठ. शिपायाने मोजलं, नऊ. तीन तास हे चाललं. उन्हाने दोघांच्याही अंगाची साल निघाली. मी ऑफिसातून कागद घेऊन धावत गेलो तेव्हा तो अरब शिपाई अगदी रडकुंडीला येऊन मास्तरांच्या छातीवर बोट ठेवून विचारत होता, हबीबी, मग हा कोण?

"मैं गिनता है," मास्तर म्हणत होते. "मैं तो गिनता है."

सगळी खाडी हसली. मुराद तर वल्ही सोडून हसला. पुढे कितीतरी दिवस कुणी कुणाला 'तू कोण' म्हटलं की उत्तर यायचं, 'मैं गिनता है.'

आधीच्या दोन खेपांची दहाच्या दहा पोरं पास झाली, तेव्हा शाळेच्या हेडमास्तरांच्या कानावर गेलं. सज्जन माणूस. त्यांनी मास्तरांना बोलावलं, सुलेमानी चहा दिला, आणि सांगितलं की गणिताला शिक्षक हवाय, तुमच्यासारखा मला या किनाऱ्यावर मिळणार नाही, पण कमिटी कागद मागते. निदान मॅट्रिकचा तरी कागद दाखवा, दुसऱ्या दिवसापासून या.

मास्तर तिथून सरळ माझ्या खोलीवर आले. छत्री कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "सावंत, तिथे हजेरीपट हाय. लांबलचक. चाळीस नावं." मग बोटांवर मोजून म्हणाले, "आठ गठ्ठे."

मी तेव्हा पहिल्यांदा समजलो की या माणसाला खरोखर काय हवंय. पगार तिथे कमीच होता. त्यांना सावलीत उभं राहून, हातात हजेरीपट घेऊन एकेक नाव पुकारायचं होतं, आणि समोरून कुणीतरी 'हजर' म्हणायला हवं होतं. गोणी कधी 'हजर' म्हणत नाही.

त्या वर्षी मी मॅट्रिकचे सहा फॉर्म टाइप केले. पाच पोरांचे, सहावा सोलकर कासम हुसेन, वय बेचाळीस. पोरांना सांगायचं नाही, अशी शपथ मला घालण्यात आली. सकाळी नळावर ते दाढी करताना मी त्यांना इंग्रजी शब्द आणि बीजगणित विचारायचो. पाव मैलावरून पोरांना थरकाप भरवणारा हा माणूस माझ्यासमोर उत्तर देताना असा कुजबुजायचा, की नळ बंद करून ऐकावं लागे. क्ष दिसला की त्यांच्या वस्तऱ्याचा हात थांबायचा. पण अभ्यासाला बसले. एक ते चार पोरांना शिकवायचे, आणि शिकवता शिकवता स्वतः पाठ करायचे. आता मला कळत होतं की ते याकूबला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का विचारतात.

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रजा मागितली. काळे कातडी बूट घेतले, आणि वीस वर्षं सपाता घातलेल्या पायांना बूट समजावेत म्हणून दुपारचे रिकाम्या पडावावर ते बूट घालून येरझारा घालायचे. पोरं विचारायची, मास्तर, लग्न करताय काय?

तिकिटं काढायला मी जातो म्हटलं होतं. काउंटर आमच्याच ऑफिसात होता. पण मास्तर म्हणाले, मोजायचं काम माझं. गेले, पोरं मोजली, तिकिटं काढली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून पिन लावली.

आगबोट आली त्या दिवशी शमाल सुटला होता, उत्तरेचा वारा, आणि समुद्र उकळत्या डाळीसारखा दिसत होता. मी बोटीचे कागद द्यायला म्हणून पडावात होतो. मास्तर, पाच पोरं, सहा पत्र्याच्या ट्रंका. सहावीत पुस्तकं आहेत असं पोरांना सांगितलेलं होतं. बोटीला लागेपर्यंत पोरं तीनदा ओकली, तरी मास्तर त्यांच्याकडून मोगल बादशहांची नावं क्रमाने म्हणवून घेत होते. एक पोरगा बाबर ते औरंगजेब ओकत ओकत पोचला. बोटीची शिडी वर-खाली होत होती. पडाव उसळला की एकाने उडी मारून ती धरायची. एकेक करून चौघं वर गेले, मग ट्रंका गेल्या, मग याकूब, मग मास्तर नव्या बुटांनी, आणि मागून मी.

वर शिडीच्या तोंडाशी पर्सर टेबल टाकून बसला होता. गोव्याचा माणूस, पांढरा डगला, अतिशय हसतमुख. मास्तरांनी पिन काढून तिकिटं दिली. त्याने तिकिटं मोजली, माणसं मोजली.

"पाँच टिकट," तो म्हणाला. "आदमी छे."

मास्तर मागे वळले. बोटाने मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. "पाँच ही है."

"और तुम?"

"मैं गिनता है," मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना कळलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी बुटांकडे बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मी पर्सरला बाजूला घेतलं, ऑफिसचं नाव सांगितलं, सहावा फॉर्म सांगितला, शाळेची नोकरी सांगितली, बेचाळीस वय सांगितलं. त्याने मला डेक दाखवला. वळकटीला वळकटी लागलेली, पाय ठेवायला जागा नाही. कराचीपासून पुढे गर्दी याहून जास्त, एकही वर चालणार नाही, तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटून म्हणाला. पुढची बोट पंधरा दिवसांनी होती. परीक्षा बारा दिवसांवर.

माझं बोलणं पोरांच्या कानावर गेलं, आणि सहाव्या ट्रंकेत पुस्तकं नव्हेत, मास्तरांचे कपडे आहेत हे त्यांना तेव्हा समजलं. चौघं खाली बघत राहिले. याकूब आला, मास्तरांच्या हातातून ट्रंकेची कडी काढून घेऊ लागला.

"मास्तर, माझ्या तिकिटावर तुम्ही जा. मी असापण नापासच होणार."

"मग नापास व्हायला तरी जा."

"बाबाला मी सांगतो. खड्डे खणीन. तुम्ही जा ना, मास्तर, शाळेत..."

मास्तरांनी त्याच्याकडे तसं बघितलं, जसं मी त्यांना फाटलेल्या गोणीकडे बघताना पाहिलं होतं, किती गेलं आणि किती उरलंय याचा अंदाज घेत. मग चौघांकडे बोट दाखवलं. "हे काय हाय?"

याकूब रडत होता. "चार."

"नीट सांग."

"ह्याला काय म्हणत नाय," याकूब म्हणाला. "उघडं पडलेलं हाय."

"मग जा तिथे उभा ऱ्हा."

तो गेला. मास्तरांनी कानावरची तांबडी पेन्सिल, जाणाऱ्या मालाची, त्याच्या खिशात खोवली आणि शिडीकडे वळले. ट्रंक मी उचलली. खाली पडावात उतरलो तोवर बोटीचा भोंगा झाला. लहान बंदरातून निघताना आगबोट एकदाच भोंगा वाजवते. तो थांबला की बाकी समुद्राचा आवाज राहतो. त्या दिवशी समुद्राच्याही वर मास्तरांचा आवाज गेला.

"नंबर! आधी नंबर टाका रे! सगळ्याच्या आधी नंबर!"

बोट वळली, पाठमोरी झाली, धुराची रेघ झाली, आणि मास्तर ओरडतच होते. मी आयुष्यात पुष्कळ वाढवून सांगितलं असेल, पण याकूबने पुढे मला शपथेवर सांगितलं की मस्कतपर्यंत त्यांना ऐकू येत होतं. मी त्यातलं अर्धं मानतो. अर्धं म्हणजेसुद्धा किती झालं बघा.

परतताना मास्तर आपल्या ट्रंकेवर बसून होते. बूट काढून बाजूला ठेवलेले. खाडीच्या तोंडाशी कस्टमचा तोच शिपाई उभा होता. त्याने पडाव बघितला, मास्तरांना बघितलं, पायांशी ठेवलेले बूट बघितले. त्या दिवशी त्याने मोजलं नाही. हाताने नुसतं, जा, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर रजा रद्द करून कामावर आले. एक वाजता मुरादने सवयीने अबरा मध्ये आणून थांबवला. कुणी प्रमेय सांगेना. मग त्याने स्वतःच ते म्हटलं, सगळं, शेवटच्या 'हेच सिद्ध करायचे होते'पर्यंत, आणि वल्ही पाण्यात घातली. पडावावरून कुणी त्याला गप म्हटलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. तार आमच्या ऑफिसात आली. मी ती वाचली, आणि टोपी, चष्मा, साहेब, सगळं तिथेच टाकून धक्क्यावर पळालो. असं ऊन होतं की माझी सावलीसुद्धा माझ्या पायाखाली शिरून बसली होती. पडावातून पिठाच्या गोण्या उतरत होत्या. मास्तर वही घेऊन उभे होते. मास्तर आठवले की मला ते तिथेच दिसतात: पांढरे झालेले, भुवयांवर पीठ, भोकाभोकांतून ऊन गळणारी छत्री, हातात निळी पेन्सिल, आणि तांबडीचा कान रिकामा.

मी लांबूनच ओरडलो, पास. सगळे पास. याकूबसुद्धा. याकूबला गणितात चौघांपेक्षा जास्त.

त्यांनी मान वर केली नाही. एक गोणी गेली, एक रेघ. दुसरी, दुसरी रेघ. हमालांना मोडता घातला नाही. तो गठ्ठा पुरा झाल्यावर त्यांनी हात वर करून माल थांबवला, जे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि वहीच्या कडेला, हिशेबाच्या बाहेर, चार उभ्या रेघा ओढल्या. फार सावकाश. मग आडवी. ती ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

पठाण गोण्या पाठीवर घेऊन उभे होते. मला काहीतरी म्हणायचं होतं, आणि नेमकं तेच म्हणायला नको होतं.

"आणि तुमचं, मास्तर?"

मास्तरांनी खिशातून चाकू काढला, टोक करायला घेतलं.

"पुढल्या साली तिकिटं तू काढ," ते म्हणाले. "मला मोजता येत नाय."